सणाच्या पडद्यावरचा कालप्रवासी : बीबीसी वनच्या नाताळ-आयडेंटांतील 'डॉक्टर' आणि त्याभोवतीची चर्चा

प्रश्नाचे स्वरूप

२००९ च्या नाताळात ब्रिटनमधील 'बीबीसी वन' या वाहिनीवर दोन कार्यक्रमांच्या सांध्यावर ज्या छोट्या चित्रफिती दाखवल्या जात होत्या, त्यांत 'डॉक्टर हू' या विज्ञानकथामालिकेचा नायक डेव्हिड टेनंट या नटाच्या रूपात बर्फाळ प्रदेशात अवतरत असे आणि 'टार्डिस' हे त्याचे यान, जे बाहेरून जुन्या निळ्या पोलीस-पेटीसारखे दिसते आणि मालिकेत काळ व अवकाश ओलांडते, ते रेनडिअर ओढून नेत असत. काही सेकंदांत संपणाऱ्या या फितींना दूरचित्रवाणीच्या व्यवहारात 'आयडेंट' म्हणतात. आयडेंट म्हणजे वाहिनीचे नाव आणि चिन्ह दाखवणारी, पुढच्या कार्यक्रमापूर्वी लावली जाणारी आणि जिच्यावर उद्घोषकाचा आवाज चढवला जातो अशी फीत. प्रोमोचे काम याहून वेगळे असते. तो एखाद्या विशिष्ट कार्यक्रमाची आगाऊ जाहिरात करतो, त्याची तारीख-वेळ सांगतो आणि तो कार्यक्रम प्रक्षेपित झाला की निकामी होतो. आयडेंट वाहिनीचा आणि प्रोमो कार्यक्रमाचा, अशी ही वाटणी बरीच वर्षे सरळ चालत आली होती. कार्यक्रमाचा नायकच वाहिनीच्या आयडेंटमध्ये उतरला आणि त्याच आठवड्यांत त्याच नायकाचा नाताळ-विशेष भाग येऊ घातला होता, तेव्हा ही वाटणी धूसर झाली.

यातून उभा राहिलेला प्रश्न वरकरणी वाटतो त्याहून बराच मोठा आहे. जनतेच्या परवाना-शुल्कावर चालणाऱ्या प्रक्षेपण संस्थेने स्वतःच्या लोकप्रिय नायकाला सणाचा चेहरा करावे, ही जाहिरात मानायची, सार्वजनिक सणातील सहभाग मानायचा की कथेचाच एक तुकडा मानायचा, यावर माध्यम-अभ्यासक, धोरणकर्ते आणि मालिकेचे चाहते यांची मते वेगवेगळी आहेत. प्रस्तुत लेखात या चर्चेची पार्श्वभूमी, तिच्यातील प्रमुख भूमिका आणि अद्याप न सुटलेले मुद्दे यांचा आढावा घेतला आहे.

आयडेंटची घडण आणि नाताळचा रिवाज

बीबीसीचे पहिले हलते चिन्ह १९५३ मध्ये एब्रम गेम्स या आलेखनकाराने घडवले. १९६३ पासून पृथ्वीगोल हे वाहिनीचे चिन्ह झाले आणि ते थोड्याथोडक्या बदलांसह पुढे जवळजवळ चार दशके टिकले. त्याची बनावट लक्षात घेण्याजोगी आहे. सत्तरच्या दशकातील पृथ्वीगोल म्हणजे मोटरवर फिरणारी एक प्रत्यक्ष प्रतिकृती असे, तिच्या मागे अंतर्वक्र आरसा बसवलेला असे आणि समोर एक छोटा कॅमेरा कायमचा रोखलेला असे. कॅमेरा देई ते चित्र कृष्णधवल असे आणि त्यात रंग नंतर विद्युत-यंत्रणेने भरले जात. म्हणजे कार्यक्रमांच्या मध्ये प्रेक्षकांना दिसणारा गोल ही चित्रित करून ठेवलेली फीत नव्हती, तर इमारतीतील एका खोक्यात त्या क्षणी खरोखर फिरत असलेली वस्तू होती. नाताळ आला की त्या जागी सणाची दुसरी प्रतिकृती बसवण्याचा रिवाज याच यंत्रातून पडला, कारण कॅमेरा तोच, मोटर तीच आणि बदलायची ती फक्त समोरची वस्तू, असे ते काम होते. पुढे जी सणाची सजावट मोठ्या खर्चाची आणि मोठ्या नियोजनाची झाली, तिचा उगम असा कारागिरांच्या हौसेत आहे, ही गोष्ट या विषयावरील लेखनात पुरेशी ठसठशीतपणे मांडली जात नाही.

१९८५ मध्ये संगणकाने काढलेला पृथ्वीगोल आला आणि १९९१ मध्ये मार्टिन लँबी-नेर्न यांनी त्याला नवे रूप दिले. याच लँबी-नेर्न यांनी १९८२ मध्ये 'चॅनल फोर'चे रंगीत ठोकळ्यांचे चिन्ह घडवले होते आणि १९९१ मध्येच 'बीबीसी टू'च्या '२' या आकड्याला निरनिराळी रूपे देऊन चिन्हालाही स्वभाव असू शकतो हे दाखवून दिले होते. १९९७ मध्ये 'बीबीसी वन'च्या पृथ्वीगोलाचा गरम हवेचा फुगा झाला, २००२ मध्ये त्याची जागा नर्तकांनी घेतली आणि ऑक्टोबर २००६ पासून वर्तुळ या कल्पनेवर बेतलेली मालिका सुरू झाली, जिच्यात प्रत्येक दृश्यातील हालचाल अखेरीस वर्तुळाचा आकार घेई. २००९ ची नाताळ-फीत याच मालिकेच्या काळातील आहे. तिच्याआधीच्या वर्षी, म्हणजे २००८ च्या नाताळात, 'वॉलेस अँड ग्रोमिट' या मातीच्या बाहुल्यांच्या जोडीने हीच जागा घेतली होती आणि त्यांचा 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ' हा लघुपट त्याच नाताळच्या दिवशी वाहिनीवर दाखवला गेला होता. म्हणून कथेतील पात्रांना सणाच्या आयडेंटमध्ये आणण्याची कल्पना 'डॉक्टर'पासून सुरू झाली, असे म्हणता येत नाही.

आयडेंटच्या ध्वनीचाही अभ्यास झाला आहे. मार्क ब्राउनरिग आणि पीटर मीच यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ब्रिटिश वाहिन्यांच्या आयडेंटांचे संगीत राजेशाही तुतारीच्या थाटाकडून जत्रेच्या थाटाकडे कसे सरकत गेले, याचा मागोवा घेतला. नाताळच्या फितींना हा निष्कर्ष विशेष लागू पडतो, कारण घंटानाद आणि समूहस्वर यांचा आधार घेतला की वाहिनी अधिकारवाणीने बोलण्याऐवजी घरच्या माणसासारखी बोलू लागते. एक तांत्रिक बाबही इथे नोंदवली पाहिजे. आयडेंटची लांबी उद्घोषकाच्या वाक्यावर अवलंबून असते, त्यामुळे फितीचा शेवटचा भाग असा रचावा लागतो की वाक्य लांबले तरी चित्र अवघडल्यासारखे थांबू नये. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे 'बीबीसी वन'चे उद्घोषक वेगळे असतात आणि चिन्हाखाली त्या त्या प्रदेशाचे नाव येते. एकच दृश्य चार ठिकाणी चार आवाजांत आणि चार नावांनी पोचते, ही वस्तुस्थिती 'राष्ट्रीय' नाताळविषयी लिहिताना बहुतेकदा निसटते.

नायक आणि नाताळ यांचे नाते

'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मले, त्यांचे बालपण मुंबईत गेले आणि १९४६ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला आले. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट या त्या काळी बीबीसीच्या नाट्यविभागातील एकमेव स्त्री-निर्मात्या होत्या. नायक हा परग्रहावरचा, वय न कळणारा भटका. तो शस्त्र वापरायचे टाळतो आणि मरणाच्या दारात पोचला की शरीर बदलून नव्या रूपात जगू लागतो. हा कायापालट १९६६ मध्ये प्रथम दाखवला गेला आणि त्यामुळे नट बदलूनही नायक कायम ठेवण्याची सोय मालिकेला लाभली.

नाताळशी या नायकाची पहिली गाठ १९६५ मध्ये पडली. त्या वर्षी २५ डिसेंबर शनिवारी आला आणि मालिकेचा प्रक्षेपणाचा वार शनिवारच असल्याने 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन' हा भाग सणाच्या दिवशीच दाखवावा लागला. त्याच्या शेवटी विल्यम हार्टनेल यांनी साकारलेल्या डॉक्टरने पेला उंचावून थेट कॅमेऱ्याकडे पाहिले आणि घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. ते वाक्य संहितेत होते की ऐनवेळी आले, यावर मालिकेच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु या क्षणाचे महत्त्व त्या वादापलीकडचे आहे. कथेतील पात्र कथेची चौकट सोडून वाहिनीच्या वतीने प्रेक्षकांशी बोलले, आणि पुढे २००९ मध्ये आयडेंटने जे केले त्याचे बीज कार्यक्रमाच्या पोटातच चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पडलेले होते.

१९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मधील एका दूरचित्रपटाचा अपवाद सोडता ती परतली ती २६ मार्च २००५ रोजी, रसेल टी. डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली आणि बीबीसी वेल्सच्या कार्डिफमधील निर्मितीकेंद्रातून. त्याच वर्षीच्या नाताळात 'द ख्रिसमस इन्व्हेजन' हा विशेष भाग आला. टेनंट यांचा हा पहिला पूर्ण भाग आणि त्यात सांताक्लॉजच्या वेशातील यंत्रमानव व गरगर फिरत घर उद्ध्वस्त करणारे नाताळचे झाड होते. तेथून २०१७ पर्यंत प्रत्येक नाताळच्या दिवशी विशेष भाग दाखवण्याचा क्रम अखंड चालला. २००७ मधील 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' या भागाला सुमारे १ कोटी ३३ लाख प्रेक्षक लाभले आणि २००८ मधील 'द नेक्स्ट डॉक्टर'ला सुमारे १ कोटी ३१ लाख.

हे नाते इतके सहज जुळण्याचे कारण ब्रिटिश नाताळच्या परंपरेतच सापडते. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ मधील 'अ ख्रिसमस कॅरल'पासून तेथे नाताळ आणि भुताखेतांची गोष्ट यांची सांगड घट्ट बसलेली आहे, आणि १९७१ ते १९७८ या काळात बीबीसीनेच दर नाताळाला भुताची कथा दाखवण्याचा पायंडा पाडला होता. शेकोटीच्या उबेत बसून बाहेरच्या अंधारातील अद्भुताची गोष्ट ऐकायची, ही त्या सणाची जुनी चाल आहे. डॉक्टर तिच्यात चपखल बसतो, कारण तो अद्भुतही आहे आणि घरात येऊ देण्याजोगा विश्वासूही आहे. २०१० च्या विशेष भागात तो धुराड्यातून खाली येतो आणि २०१४ च्या भागात खुद्द सांताक्लॉज त्याच्यासमोर उभा राहतो. एका रात्रीत जगभर फिरणारा म्हातारा आणि आतून बाहेरच्याहून मोठी असलेली पेटी घेऊन फिरणारा प्रवासी यांतील साम्य लेखकांनी पुरेपूर वापरले आहे. २००९ च्या आयडेंटमध्ये टार्डिस रेनडिअर ओढत होते ते या साम्याचे सर्वांत थोडक्यात केलेले चित्रण म्हणावे लागेल. संवादाची गरज न पडता दोन दंतकथा एका चौकटीत एकत्र आल्या.

२००९ चे वर्ष

ही फीत त्याच वर्षी का आली, हे समजण्यासाठी तेव्हाची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. टेनंट यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये मालिका सोडण्याचे जाहीर केले होते आणि २००९ मध्ये नेहमीच्या तेरा भागांऐवजी मोजकेच विशेष भाग झाले. त्यांचा निरोपाचा 'दि एंड ऑफ टाइम' हा दोन भागांचा शेवट २५ डिसेंबर २००९ आणि १ जानेवारी २०१० रोजी दाखवला गेला, २६ डिसेंबरला 'बीबीसी टू'वर त्यांचा 'हॅम्लेट' होता आणि सणाच्या आठवड्यातील इतर कार्यक्रमांतही ते दिसत होते. आयडेंटमधील डॉक्टर असा निरोप घेऊ लागलेला डॉक्टर होता. सणाचा आनंद आणि लाडक्या नायकाचा वियोग एकाच पडद्यावर आल्यामुळे या फितीला जी हुरहुर लाभली, ती २००८ च्या मातीच्या बाहुल्यांना लाभली नव्हती.

तंत्राच्या अंगाने पाहता तो संक्रमणाचा काळ होता. जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद होत होते आणि ही प्रक्रिया २०१२ मध्ये पूर्ण झाली. हवे तेव्हा कार्यक्रम पाहण्याची 'आयप्लेअर' ही सेवा २००७ च्या नाताळच्याच दिवशी रीतसर सुरू झाली होती. राजकीय अंगाने पाहता ऑगस्ट २००९ मध्ये एडिनबरा येथील मॅकटॅगर्ट व्याख्यानात जेम्स मर्डॉक यांनी बीबीसीच्या आकारावर आणि महत्त्वाकांक्षेवर कठोर टीका केली होती, आणि नोव्हेंबरात 'बीबीसी ट्रस्ट' या तेव्हाच्या देखरेख-मंडळाने बीबीसी वर्ल्डवाइड या व्यापारी शाखेच्या कारभाराचा आढावा पूर्ण करून तिला आवर घालण्याची दिशा दाखवली होती. 'डॉक्टर हू' हा त्या शाखेच्या मोठ्या ब्रँडांपैकी एक होता. अशा वेळी त्याच नायकाला सणाचा चेहरा करण्याच्या निर्णयाकडे निव्वळ सजावट म्हणून पाहता येत नाही, एवढे तरी सर्व बाजूंना मान्य व्हावे.

प्रमुख भूमिका

पहिली भूमिका ब्रँड-अभ्यासाची आहे. कॅथरिन जॉन्सन यांनी 'ब्रँडिंग टेलिव्हिजन' या २०१२ मधील ग्रंथात ब्रिटन आणि अमेरिका येथील वाहिन्यांनी बहुवाहिनी-युगात स्वतःची ओळख कशी घडवली, याचे विवेचन केले आहे. वाहिन्या दोन-चार होत्या तोवर प्रेक्षकाला आपण कोणती वाहिनी पाहतो आहोत हे सांगण्यापुरते आयडेंटचे काम होते. शेकडो वाहिन्या झाल्यावर हीच वाहिनी का पाहावी, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. सार्वजनिक संस्थेच्या बाबतीत ब्रँड-घडणीला सरसकट व्यापारीकरण म्हणता येत नाही, ती संस्था आपले सार्वजनिक मूल्य लोकांना समजावून देण्यासाठीही हे साधन वापरते, असा या मांडणीचा रोख आहे. या दृष्टीने नाताळ-आयडेंट म्हणजे 'तुमच्या शुल्कातून हे घडते' असे न बोलता सांगणारी पावती ठरते.

दुसरी भूमिका सामूहिक विधीची आहे. डॅनियल दयान आणि एलिहू कॅट्झ यांनी १९९२ मधील 'मीडिया इव्हेंट्स' या ग्रंथात राज्याभिषेक, विवाह, अंत्ययात्रा यांसारख्या प्रसंगांचे थेट प्रक्षेपण विखुरलेल्या समाजाला काही काळ एकत्र आणते, असे मांडले. नाताळ हा त्यांच्या अर्थाने प्रसंग नाही. परंतु ब्रिटनमध्ये १९३२ पासून नभोवाणीवर आणि १९५७ पासून दूरचित्रवाणीवर होणारे राजघराण्याचे नाताळ-भाषण, सणाचे विनोदी कार्यक्रम आणि विशेष भाग यांमुळे त्या दिवसाचे वेळापत्रकच विधीसारखे झाले आहे. 'रेडिओ टाइम्स' या कार्यक्रम-पत्रिकेच्या १९८८ मधील नाताळ-जोडअंकाच्या १ कोटी १२ लाख प्रती खपल्या होत्या. मराठी घरात दिवाळी अंक फराळाच्या ताटाशेजारी असतो, तसा तो अंक तेथे सणाचा भाग होता आणि कोणता कार्यक्रम पाहायचा यावर त्यात पेनाने खुणा करणे हा घराघरांतला परिपाठ होता. या भूमिकेतून पाहणारे अभ्यासक आयडेंटला त्या विधीचे तोरण मानतात. त्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. परवाना-शुल्क, जे २००९ मध्ये वर्षाला १४२.५० पौंड होते, ते नाताळ न मानणारी कुटुंबेही भरतात आणि त्यांत लंडन किंवा लेस्टरमधील मराठी, गुजराती, पंजाबी घरेही येतात. बर्फ, रेनडिअर आणि परग्रहवासी नायक असलेल्या फितीत येशूजन्माचा कुठलाही संदर्भ नाही, म्हणून ती सर्वांना सामावून घेते असे काहींना वाटते. इतरांच्या मते सणातून धर्म काढला तरी उत्तर युरोपीय हिवाळ्याची एकच कल्पना सर्वांवर लादली जातेच. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि निव्वळ फितीच्या विश्लेषणातून त्यांचा निवाडा होण्यासारखा नाही.

तिसरी भूमिका टीकाकारांची आहे. बीबीसीला देशांतर्गत वाहिन्यांवर जाहिराती घेता येत नाहीत. तथापि स्वतःच्या कार्यक्रमांची जाहिरात ती मुक्तपणे करते, आणि जेथे कार्यक्रमाच्या नावाने खेळणी, पुस्तके, डीव्हीडी यांचा मोठा बाजार उभा असतो, तेथे नाताळच्या खरेदीच्या दिवसांत त्या नायकाला दिवसातून अनेकदा पडद्यावर आणणे म्हणजे आपल्याच व्यापारी शाखेला फुकट जागा देणे होय, असा हा युक्तिवाद आहे. खाजगी वाहिन्यांना त्याच जागेचा दर मोजावा किंवा गमवावा लागतो, त्यामुळे ही स्पर्धा समान पातळीवरची राहत नाही. टार्डिसच्या मालकीचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. पोलीस-पेटीचा तो आराखडा गिल्बर्ट मॅकेंझी ट्रेंच यांनी १९२९ च्या सुमारास लंडनच्या महानगर पोलिसांसाठी केला होता. बीबीसीने १९९६ मध्ये त्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला, पोलिसांनी हरकत घेतली आणि २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. रस्त्यावरची एक सार्वजनिक वस्तू कथेत शिरली, कथेतून व्यापारचिन्ह झाली आणि मग सणाच्या शुभेच्छांबरोबर पुन्हा सर्वांच्या घरात आली. टीकाकारांच्या लेखी या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर सार्वजनिक आणि खाजगी यांतील रेघ पुसट होत गेली. याला उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे असे की व्यापारी शाखेचा नफा अखेर कार्यक्रम-निर्मितीतच परत येतो आणि आयडेंटमध्ये वस्तूची किंमत, दुकान किंवा विक्रीचे आवाहन यांपैकी काही नसते.

चौथी भूमिका कथेच्या अंगाने येते आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्येच असे प्रतिपादन केले होते की दूरचित्रवाणीचा अनुभव सुट्या कार्यक्रमांचा नसतो, तो कार्यक्रम, जाहिराती आणि घोषणा यांच्या सलग प्रवाहाचा असतो. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी १९८७ मध्ये ग्रंथाचे शीर्षक, प्रस्तावना, वेष्टन अशा काठावरच्या मजकुराला 'पॅराटेक्स्ट' म्हणजे उपपाठ म्हटले आणि जोनाथन ग्रे यांनी २०१० मध्ये ही संकल्पना चित्रपट-मालिकांच्या प्रोमोंना लावून दाखवली. कथेचा अर्थ घडवण्यात उपपाठाचा वाटा मूळ पाठाइतकाच असू शकतो, असे ग्रे यांचे प्रतिपादन आहे. मग रेनडिअर जुंपणारा डॉक्टर हा खरा डॉक्टर की टेनंट यांनी वाहिनीसाठी धारण केलेला वेश? बीबीसीने या मालिकेचा अधिकृत कथाक्रम कधी ठरवून दिलेला नाही, त्यामुळे चाहत्यांचा हा वाद पोरकट म्हणून बाजूला सारता येत नाही. २००५ मध्ये 'चिल्ड्रन इन नीड' या मदतनिधी-कार्यक्रमात दाखवलेले छोटे दृश्य दोन भागांना जोडणारा दुवा म्हणून सर्वमान्य आहे. २०१३ मध्ये सुवर्णमहोत्सवाच्या आधी आलेली 'द नाइट ऑफ द डॉक्टर' ही काही मिनिटांची फीत प्रसिद्धीचा भाग असूनही कथेचा महत्त्वाचा तुकडा ठरली. याउलट १९९३ मधील 'डायमेन्शन्स इन टाइम' हा मदतनिधीसाठीचा भाग बहुतेक चाहते कथेबाहेर ठेवतात. आयडेंट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. मॅट हिल्स यांनी 'ट्रायम्फ ऑफ अ टाइम लॉर्ड' या २०१० मधील ग्रंथात पुनरुज्जीवित मालिकेत चाहते, निर्माते आणि ब्रँड यांच्या सीमा कशा एकमेकांत मिसळल्या याची चर्चा केली आहे, कारण डेव्हिस स्वतः आधी चाहते होते आणि मग निर्माते झाले. हे ध्यानात घेतले तर, फितीत नायक असतो तो उगीच मिरवण्यासाठी नव्हे, स्वतःच्या स्वभावाला धरून वागण्यासाठी, हे तिचे बलस्थान मानावे लागते. अडचणीत सापडल्यावर समोर असेल त्याच्या मदतीने मार्ग काढणे हाच तर डॉक्टरचा स्वभाव आहे.

जॉन एलिस यांचे विवेचन या चारही भूमिकांच्या मुळाशी जाते. पॉल ग्रेंज यांनी २०११ मध्ये संपादित केलेल्या 'इफेमरल मीडिया' या निबंधसंग्रहात एलिस यांनी दोन कार्यक्रमांच्या मधले हे तुकडे कार्यक्रमांना अर्थ कसा देतात हे उलगडून दाखवले. दूरचित्रवाणी स्वतःविषयी काय समजते, हे तिच्या कार्यक्रमांपेक्षा या मधल्या तुकड्यांतून अधिक नितळ दिसते, असा त्यांचा दृष्टिकोन आहे आणि प्रस्तुत विषयाला तो सर्वांत फलदायी वाटतो. महाराष्ट्रातील वाहिन्यांवर गणपती-दिवाळीत निरनिराळ्या मालिकांतील कुटुंबे एकत्र येऊन प्रेक्षकांना शुभेच्छा देतात, त्या फितींकडेही याच नजरेने पाहता येईल. मात्र तेथे मालकी खाजगी असते आणि जाहिरातदार उघडपणे उपस्थित असतो, त्यामुळे जाहिरात की सार्वजनिक सेवा हा ब्रिटनमधला पेच तेथे त्याच रूपात उभा राहत नाही.

पुढील वाटचाल आणि न सुटलेले मुद्दे

२००९ नंतरच्या दशकात 'बीबीसी वन'च्या नाताळ-फितींनी वेगळी वाट धरली. २०१७ मधील 'द सपोर्टिंग अ‍ॅक्ट'मध्ये नृत्याची तयारी करणारी मुलगी आणि तिचे वडील होते, २०१८ मधील 'वंडरलँड'मध्ये कामात बुडालेली आई आणि तिचा किशोरवयीन मुलगा होता. या फिती स्वतःपुरत्या संपूर्ण लघुकथा होत्या आणि त्यांत वाहिनीचा कोणताही प्रसिद्ध नायक नव्हता. मोठ्या दुकानांच्या भावस्पर्शी नाताळ-जाहिरातींनी प्रेक्षकांची अपेक्षा बदलली होती आणि त्याला वाहिनीने दिलेला हा प्रतिसाद होता, असे मानण्यास जागा आहे. नायकाकडून सामान्य कुटुंबाकडे वळल्याने टीकाकारांचा स्व-जाहिरातीचा आक्षेप सौम्य झाला, पण त्याबरोबर मालिकेतील अद्भुताशी असलेला सणाचा सांधाही सुटला, आणि ही हानी लहान नाही.

मालिकेचे नाताळशी नातेही सैल झाले. २०१९ पासून विशेष भाग नववर्षदिनी दाखवले जाऊ लागले. २०२३ मध्ये डेव्हिस परत आल्यावर भाग पुन्हा नाताळच्या दिवशी आला, त्याला सुमारे ७५ लाख प्रेक्षक मिळाले आणि २०२४ मध्ये ही संख्या सुमारे ५९ लाखांवर आली. २०२५ च्या नाताळात भाग नव्हता. या घसरणीला केवळ मालिकेचा दर्जा कारण आहे असे समजणे चुकीचे ठरेल, कारण ठरलेल्या वेळी एकत्र बसून पाहण्याची सवयच ओसरत गेली आहे.

यातून पहिला खुला प्रश्न निघतो. आयडेंटला अर्थ येतो तो वेळापत्रकातील त्याच्या जागेमुळे, म्हणजे उद्घोषकाचा आवाज, आधीचा कार्यक्रम आणि पुढची उत्सुकता यांमुळे. आयप्लेअरवर भाग निवडून पाहणाऱ्यासमोर तो सांधा येतच नाही. मग सणाची सामूहिकता कुठे वसते आणि वाहिनीचा चेहरा म्हणजे नेमके काय उरते, याचे समाधानकारक उत्तर ब्रँड-अभ्यासाकडेही नाही आणि विधी-अभ्यासाकडेही नाही. दुसरा प्रश्न नियमनाचा आहे. २०१७ पासून बीबीसीवरील देखरेख 'ऑफकॉम' या सर्व प्रक्षेपणांच्या नियामक संस्थेकडे आली. परंतु आयडेंट आणि प्रोमो यांतील सीमा नेमकी कुठे आखायची, हा मुद्दा नियमांपेक्षा संपादकीय विवेकावरच सोपवलेला राहिला आहे. जाहिरात, सहभाग आणि कथा यांपैकी एकच पर्याय निवडण्याचा आग्रह धरणाऱ्यांना २००९ ची फीत दाद देत नाही. ती एकाच वेळी तिन्ही होती, आणि कोणता पैलू वरचढ ठरला हे ती कोणत्या घरात, कोणत्या कार्यक्रमाआधी आणि कोणाच्या सोबत पाहिली गेली यावर ठरले असणार.

तिसरा मुद्दा जतनाचा आहे आणि तो सर्वांत निकडीचा आहे. साठच्या दशकातील 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग बराच काळ बीबीसीच्या संग्रहातून बेपत्ता राहिले, कारण चित्रफिती पुसून पुन्हा वापरणे ही तेव्हाची रीत होती. 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन'चे केवळ ध्वनिमुद्रण उरले आहे, आणि तो भाग परदेशी विक्रीसाठी कधी ठेवलाच गेला नसल्याने त्याची प्रत कुठे सापडण्याची आशाही क्षीण आहे. कार्यक्रमांची ही गत असेल तर कार्यक्रमांच्या मधल्या तुकड्यांविषयी बोलायलाच नको. जुन्या आयडेंटांपैकी पुष्कळ आज पाहता येतात ते घरगुती व्हिडिओ-फितींवर संध्याकाळच्या संध्याकाळ ध्वनिमुद्रित-चित्रमुद्रित करून ठेवणाऱ्या हौशी संग्राहकांमुळे, आणि त्यांनी जपले ते बहुतेकदा अपघाताने, आवडता कार्यक्रम टिपताना मागे-पुढे राहून गेलेले. आयडेंटची स्वच्छ, सुटी प्रत संस्थेच्या संग्रहात असली तरी तीवर उद्घोषकाचा आवाज नसतो, कोणत्या कार्यक्रमानंतर ती आली हे कळत नाही आणि म्हणून वर मांडलेल्या चारही भूमिकांची तपासणी तिच्यावरून करता येत नाही. प्रक्षेपण संस्था आणि राष्ट्रीय संग्रहालये यांनी दरवर्षी निदान सणाच्या एका पूर्ण दिवसाचे प्रक्षेपण, प्रत्येक प्रदेशाच्या उद्घोषणांसह, सकाळपासून रात्रीपर्यंत सलग जतन करण्याची पद्धत सुरू करावी, आणि मराठी वाहिन्यांनीही गणेशोत्सव व दिवाळीच्या प्रक्षेपणाबाबत हेच करावे.